पहिलटकरीण

मांजरीचं पहिलं पिल्लू माझ्या बाजेखाली झालं आणि मांजर उठून चालायला लागली.

भर दुपार होती. मी बाजेवर पडून होते, डोक्याला फडकं बांधून, कानात कापूस घालून, बाळंतिणीनं पडून असावं तशी. बाळ तेवढं नव्हतं. बाजेखाली, शेगडी ठेवायच्या जागेवर, आईनं गोणपाट टाकून ठेवलं होतं. तिथं काहीतरी ओलं हललं म्हणून मी वाकून पाहिलं. आमच्या घरी येऊन-जाऊन असलेली भुरी दाराकडे निघाली होती. वर्षाची पण झाली नव्हती ती. गोणपाटावर एक पातळ पिशवी पडली होती आणि पिशवीच्या आत काहीतरी वळवळत होतं.

"आई," मी हाक मारली, "मांजर व्यालीया."

आई उंबऱ्यावर बसली होती. ती लगबगीनं आत आली, खाली बसली आणि एका हातानं भुरीचं मानगूट धरून दुसऱ्या हाताच्या नखानं तिनं ती पिशवी फाडली. पिल्लाच्या तोंडातला चिकटा करंगळीनं काढला. पदरात घेऊन त्याला खसाखसा चोळलं. काही होईना. पुन्हा चोळलं, डोकं खाली करून हलकासा झटका दिला. तेव्हा कुठं ते बारीक आवाजात किंचाळलं.

"आगं बया," आई मांजरीला म्हणाली, "लेकरू टाकून कुठं निघालीस? बाजाराला?"

भुरीनं पिल्लाकडे पाहिलं. हे आपल्यातून आलं यावर तिचा विश्वास बसला नसावा. आईनं तिला परत गोणपाटावर निजवलं आणि पोटावरून हात फिरवत बसली. तासाभरात आणखी दोन झाली. आईनं उकळलेल्या ब्लेडनं नाळा कापल्या, दोऱ्यानं बांधल्या, तिन्ही पिल्लं मांजरीच्या पोटाशी लावली आणि माझ्याकडे पाहून हसली. माझं बाळ गेल्यापासून बारा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

माझी आई हौसाबाई. गल्लीत तिला हौसाक्का म्हणत. बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायचं काम तिनं वीस वर्षं केलं. आष्ट्यातल्या आमच्या तीन गल्ल्यांमधली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती. वडील लवकर गेले, त्यानंतर याच कामावर तिनं मला वाढवलं आणि शिकवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी आटपाडीहून तिच्याकडे आले, आणि सगळ्या गल्लीनं मला सांगितलं की नशीब काढलंस पोरी, घरचीच हौसाक्का आहे.

माझी मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे तिला नावही मिळालं नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून सांगितलं. माझे यजमान दिनकरराव येऊन, सगळं आटोपून, नोकरीवर परत गेले. मी सव्वा महिना पुरा करायला आईकडेच राहिले. अंगावर दूध येत होतं आणि घरात बाळ नव्हतं.

त्या दिवसापासून आईला कोणी न्हाऊ घालायला बोलावलं नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही, लोक असलं तोंडावर बोलत नसतात. दोन घरं सोडून इंदूकाकींची सून बाळंत झाली, तिच्यासाठी माळवाडीहून दुसरी बाई येऊ लागली. ती आमच्याच दारावरून जायची. आणि आई रोज सकाळी नऊला, तिच्या कामाला निघायच्या वेळेला, उंबऱ्यावर येऊन बसायची. जाणाऱ्या बाईला बघायची आणि मग दिवसभर तिथंच बसून राहायची.

"ही तिन्ही जगवायची," त्या संध्याकाळी आई मला म्हणाली. "मांजराची का असंनात. माझ्या हातची हाईत."

त्या दिवसांत मी आईशी बोलतच नव्हते म्हटलं तरी चालेल.

भुरीला आई व्हायचं काही म्हणता काही कळत नव्हतं. पिल्लं पोटाशी लावली की ती उठायची. पिल्लं तिकडे, हिची पाठ इकडे. एकदा तर एका पिल्लावर बसूनच अंग चाटत राहिली, खालून ते ओरडतंय याचा हिला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, यांना हलवावं. तिनं एकाला मागच्या पायाला धरून उचललं आणि ते उंबऱ्यावर आपटलं.

"आगं पाय न्हवं, मानगूट धर, मानगूट," आई तिला सांगत होती. तिनं स्वतः पिल्लाच्या मानेची कातडी दोन बोटांत धरून दाखवली. भुरी जांभई देऊन निघून गेली.

आईनं हार मानली नाही. दर दोन तासांनी मांजरीला धरून आणायचं, मांडीशी दाबून निजवायचं, एकेक पिल्लू थानाला लावायचं, ओढताहेत की नाही ते बोट घालून बघायचं. माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवातला निम्मा लाडू तिनं भुरीपुढे ठेवला. भुरीनं तूप तेवढं चाटून घेतलं. माझा लाडू मांजरीला, याचा मला राग आला. तो लाडू मी तसाही खाल्ला नसता, पण राग आला हे खरं.

"तुला बी असंच झालं व्हतं," आई मला म्हणाली. "पैल्या दिशी पोरीला कसं धरायचं तेच कळंना तुला. पहिलटकरणीचं असंच असतंय."

मी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंदूकाकी आल्या.

"हौसाक्का, वेखंड हाय का वो घरात? त्या माळवाडीच्या बाईनं मागितलंय, बाळाला उगाळून लावाय."

आईनं डब्यातून वेखंडाचा तुकडा काढून दिला. सुनेला बरं आहे का, बाळ झोपतंय का, सगळं विचारलं. इंदूकाकी जाता जाता वाकल्या आणि त्यांना बाजेखाली गोणपाटावरची पिल्लं दिसली.

"आता मांजराची बाळंतपणं करताय व्हय, हौसाक्का?"

त्या वाईट बाई नव्हत्या. हसायचं म्हणून हसल्या.

"पहिलटकरीण हाय," आई म्हणाली. "तिला काय कळतंय."

काकी गेल्या. आईनं फळीवरून तांब्याचं घंगाळं खाली काढलं. माझ्या मुलीच्या अंघोळीचं घंगाळं होतं ते. पाणी तापत ठेवलं. शेगडीत निखारे घातले. ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची टरफलं एका वाटीत काढली. खोबरेल तेल कोमट केलं. मी उठून बसले.

"आई, काय चाललंय तुझं?"

"तिसरा दिवस हाय. न्हाऊ घालाय नको?"

"मांजराच्या पिल्लांना कुणी न्हाऊ घालतं का?"

"जिवाला जीव सारखाच," आई म्हणाली. "ही बया चाटत न्हाई, पुसत न्हाई. घाणीतच लोळू द्यू व्हय त्यास्नी?"

ती पाटावर बसली, पाय लांब केले आणि एकेक पिल्लू नडग्यांवर घेऊन न्हाऊ घातलं. मी ते बघत होते. तिचे हात फार सुंदर चालायचे. बोटभर लांबीच्या त्या जिवांच्या टाळूवर तिनं तेल घातलं, पाठीवरून बोट फिरवलं, मऊ धोतराच्या फडक्यात टिपून घेतलं. मग निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी दिली. खोली धुरानं भरली. तो वास माझ्या ओळखीचा होता. अकरा दिवस माझ्या मुलीच्या जावळाला तोच वास होता. मी पोटात पाय घेऊन पडून राहिले.

भुरी परत आली तेव्हा पिल्लं गोणपाटावर कोरडी, चकचकीत, ओळीनं ठेवलेली होती. तिनं एकाचा वास घेतला आणि मागं सरली. दुसऱ्याचा घेतला. पाठीवरचे केस उभे करून ती फिस्कारली. आईनं तिला धरून पोटाशी पिल्लं लावायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं आईच्या मनगटाला ओरखाडलं आणि खिडकीतून पसार झाली.

"वळखंना झाली," आई पुटपुटली.

"वास गेलाय त्यांचा," मी म्हटलं. "ओवा आणि लसूण. तिला काय कळणार ही तिचीच आहेत म्हणून?"

आईनं मनगटावरचं रक्त पदरानं पुसलं. तिला चूक कळली होती, ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी आली. बराच वेळ लांब बसून बघत राहिली. मग एकाएकी पुढे होऊन तिनं एक पिल्लू उचललं, या वेळी बरोबर मानगुटीला धरून, आणि परसातल्या भिंतीवरून पलीकडे उडी घेतली. आई खूश झाली, दुसऱ्याला न्यायला येईल म्हणून वाट बघत बसली. भुरी परत आली नाही. ती आणि ते पिल्लू पुन्हा कधी दिसलं नाही. उरलेल्या दोघांतलं एक दुपारपर्यंत गार पडलं. आईनं त्याला पदरात घेऊन पहिल्या दिवशीसारखं चोळलं, पुष्कळ वेळ चोळलं. शेवटी मीच म्हटलं, ठेव आता.

एक उरलं. पांढरं, कानांवर काळं. हेच पहिलं झालेलं, पिशवीतून काढलेलं. आईनं त्याला गाईचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजलं, ते त्यानं ओकून टाकलं. शेळीचं आणलं, तेही ओकलं. संध्याकाळी ते हातभर अंतरावरूनही ऐकू येईना इतकं बारीक रडत होतं.

माझं दूध आटावं म्हणून आईनं मला घट्ट पट्टा बांधला होता. तरी यायचं. मग मी ते वाटीत पिळायची, आणि कोणाच्या पायदळी येऊ नये म्हणून आई ते परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतायची. ती वाटी न्यायला आली आणि उभी राहिली.

"शालन."

"काय?"

"तुझं दूध जास्वंदीलाच चाललंय."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

"तुला लाज वाटत न्हाई? माझी पोर गेली आणि मी मांजराला पाजू?"

"म्या काय म्हणलं न्हाई," आई म्हणाली आणि खाली बसली. तिच्या मांडीवर फडक्यात ते पिल्लू होतं. "ह्ये गेलं तर मी आता कुणाच्या लेकराला हात लावू, सांग. माझा माझ्यावरच इस्वास ऱ्हायला न्हाई."

मी तिला उत्तर देणार होते. फार दिवसांचं साचलेलं उत्तर होतं आणि ते अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पिल्लू रडलं आणि माझं पोलकं ओलं झालं. पट्ट्यातून दूध बाहेर आलं. कोण रडतंय ते शरीराला कुठं कळतं.

मी वाटी पुढे केली. नंतर मागं घेतली आणि म्हणाले, "मीच पाजते. तू हात लावू नको."

माझ्या मुलीसाठी आईनं पितळी बोंडलं आणून ठेवलं होतं, बाळाला पाणी-दूध पाजायचं ते चोचीचं छोटं भांडं. ते तिच्या तोंडाला एकदाही लागलं नव्हतं. मी ते घासून घेतलं. पिल्लाला मांडीवर उताणं घेतलं, मानेखाली बोटं, डोकं जरा वर. बाळाला घेतात तसं. बोंडल्याची चोच त्याच्या तोंडाशी लावून थेंब थेंब सोडलं. पहिल्यांदा त्याला ठसका लागला आणि थोडं दूध नाकातून बाहेर आलं. मग ते गिळायला लागलं. पुढचे दोन्ही पंजे वर करून ते बोंडल्याला धरू बघत होतं.

ते माझ्या मांडीवरच झोपलं. त्याचं पोट गोल झालं होतं. मला रडू आलं, पण ते निराळं रडू होतं.

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरात बरे गेले. हे लिहितानाही मला त्या दोन दिवसांचं बरं वाटतं. मी उठून हिंडायला लागले. दर दोन तासांनी पिल्लाला पाजायचं हे माझं काम झालं. आई शेगडीवर वीट तापवून फडक्यात गुंडाळून त्याच्या अंथरुणाखाली ठेवायची, ओल्या बोळ्यानं त्याचं ढुंगण पुसून त्याला मुतवायची. मांजरं जिभेनं तसं करतात हे तिला कुठून माहीत होतं कोण जाणे. पाजायचं मात्र मी तिला करू दिलं नाही.

"आज अख्खं बोंडलं संपवलं बघ," मी तिला सांगितलं.

"तुझ्यावाणीच हाय, खादाड," आई म्हणाली. "तू तर पाचवीच्या दिशी माझं दूध पिऊन वर सुईणीचं बोट चोखत व्हतीस."

आम्ही दोघी हसलो. रात्री तिनं पिठलं केलं आणि आम्ही एका ताटात जेवलो. मी भरपेट जेवले. तिनं मला गल्लीतल्या बाळांच्या गोष्टी सांगितल्या, कोण कसं रडायचं, कोण पायावर घेतलं की झोपायचंच. आम्ही माझ्या मुलीचं नाव काढलं नाही. तिला नाव नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी पिल्लाचं नाक वाजायला लागलं. दूध पिताना ते मध्येच थांबायचं, तोंड उघडून श्वास घ्यायचं. मी आईला दाखवलं.

"सर्दी झालीया," ती म्हणाली. "बघते मी."

मी परसात वाटी धुवायला गेले. परत आले तर पिल्लू आईच्या डाव्या तळहातावर होतं, आणि उजव्या हातात तिनं तेलात बुडवलेली कापसाची वात धरली होती. वात पिळून तिनं त्याच्या एका नाकपुडीत थेंब सोडला. मग दुसरीत. हलक्या हातानं, करंगळीनं नाकाचा शेंडा दाबत.

मी दारातच उभी राहिले.

माझ्या मुलीला ती रोज असंच करायची. अंघोळ, मग धुरी, मग दोन्ही कानांत आणि दोन्ही नाकपुड्यांत कोमट तेल. आमच्याकडे सगळ्याच घरांत करायचे. माझी मुलगी त्या वेळी फार ओरडायची. नवव्या दिवशी तिला श्वास लागला. दहाव्या दिवशी आम्ही तिला एसटीनं सांगलीला नेलं. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि वर न बघता विचारलं, "नाकात तेल-बिल सोडत होता का?"

आणि मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली होती, "न्हाई वो डागदरसाब. आमी तसलं काय करत न्हाई."

मी गप्प बसले. डॉक्टर परका होता आणि आई आई होती. आई खोटं बोलली हे मला कळलं. तेलाचा आणि श्वासाचा संबंध असेल अशी शंका डॉक्टरांच्या प्रश्नातूनच आम्हा दोघींना आली असावी; मी ती आईपासून लपवली, आणि आईनं बहुतेक स्वतःपासूनच. एसटीतून बाळाचं गाठोडं घेऊन परत येताना आई खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या हातांकडे बघत होते.

"काय झालं?" आता दारात मला बघून आई म्हणाली. "नाक चोंदलंय त्येचं. मोकळं हुतंय तेलानं."

मी पिल्लू तिच्याकडून घेतलं आणि बाजेवर जाऊन बसले.

सकाळी ते दूध पिईना. कुशीवर पडून राहिलं. श्वास घेताना त्याचं अख्खं अंग हलत होतं, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मला तो खड्डा माहीत होता. मी तो दोन दिवस आणि दोन रात्री बघितला होता.

आई शेजारी येऊन बसली. तिनं पिल्लाला तळहातावर घेतलं, उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ त्याच्या बरगड्यांकडे पाहत राहिली. बाहेर गल्लीत माळवाडीच्या बाईच्या चपला वाजल्या. म्हणजे नऊ वाजले होते. आई त्या दिवशी उंबऱ्यावर गेली नव्हती.

"शालन," ती म्हणाली. "तिचं बी असंच झालं न्हवं?"

"व्हय."

"तेलानं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पिल्लाकडेच पाहत विचारलं. मी नाही म्हणू शकले असते. कुणाला ठाऊक, म्हणू शकले असते. डॉक्टर तरी कुठं तसं स्पष्ट बोलले होते. पण तीन आठवडे मी ते गिळून बसले होते, आणि आता तिच्या हातावर पुरावा पडला होता.

"व्हय. तेलानं," मी म्हटलं. "डॉक्टरनं इचारलं तवा न्हाई म्हणालीस. तूच मारलीस तिला, आई. आता ह्याला बी मारलंस."

आई हलली नाही. ती ना रडली, ना माझ्यावर उलटली. पिल्लू दुपारी बाराच्या सुमारास तिच्या हातावर गेलं. गेल्यावरही ती तशीच बसली होती. मग तिनं जाऊन त्याला जास्वंदीखाली पुरलं, हात धुतले, लुगडं बदललं आणि बाहेर पडली.

ती इंदूकाकींच्या घरी गेली. हे मला काकींनी नंतर सांगितलं. ती आत गेलीच नाही, अंगणात उभी राहून तिनं माळवाडीच्या बाईला हाक मारली. ती बाई, काकी, काकींची सून, शेजारच्या दोघी-तिघी, सगळ्या बाहेर आल्या. आई म्हणाली, "बाई, त्या लेकराच्या नाकात त्याल सोडू नगा. माझी नात त्यानंच गेली. माझ्या हातानं गेली." एवढं म्हणून ती परत आली.

पुढं मी आटपाडीला गेले. तीन वर्षांनी मला मुलगा झाला, सुहास. बाळंतपण मी सासरी केलं, आणि दोन महिन्यांचा झाल्यावर त्याला घेऊन आष्ट्याला आले. आईनं पाळणा बांधून ठेवला होता. ती पाळण्याची दोरी ओढायची, अंगाई म्हणायची, दुपटी धुवायची. पाळण्यात हात मात्र घालायची नाही. बाळ रडलं की मला हाक मारायची, मी परसात असले तर शेजारणीला बोलवायची. मी एकदा मुद्दाम त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाली, "घे गं त्याला, घे, पडंल." तिच्या मांडीवरून आजवर एकही मूल पडलं नव्हतं.

मी तिला पुष्कळदा म्हटलं, झालं गेलं विसर. ती म्हणायची, "मी काय धरून बसली न्हाई." आणि विषय बदलायची. त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली. एकाही लेकराला तिनं हात लावला नाही.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नसतं. पण चार वर्षांपूर्वी मी पुण्याला सुहासकडे गेले होते. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीखाली सापडून एक मांजरी मेली आणि तिचं पिल्लू सुहास घरी घेऊन आला. सकाळी उठून बघते तर हा सोफ्यावर बसून पिल्लाला ड्रॉपरनं दूध पाजतोय. पिल्लू पालथं, पोटावर, चार पायांवर उभं केल्यासारखं, आणि ड्रॉपर समोरून.

"अरे, असं काय धरलंयस?" मी म्हटलं. "उताणं घे की मांडीवर. बाळासारखं."

"नाही आई," सुहास म्हणाला. "प्राण्यांच्या डॉक्टरनं सगळ्यात आधी तेच बजावलंय. उताणं घेऊन पाजलं की दूध सरळ फुप्फुसात जातं."

"मग काय होतं?"

"आधी नाक वाजायला लागतं. मग श्वास लागतो. बरगड्या अशा आत जातात," त्यानं हातानं करून दाखवलं. "एक-दोन दिवसांत जातं पिल्लू. लोकांना वाटतं सर्दी झाली."

मी त्याच्याजवळ बसले. त्याचं पाजून होईपर्यंत बसून राहिले. ते पिल्लू दहा दिवसांनी डोळे उघडून घरभर हिंडत होतं.

नाकात तेल घालू नये हे आता सगळेच डॉक्टर सांगतात. माझी मुलगी त्यानं गेली असेल, किंवा नसेलही. ते मला कळणार नाही, आणि आईलाही कधी कळलं नाही. पण मला तिनं विचारलं ते तळहातावरच्या पिल्लाकडे बघून. मीही त्या पिल्लाकडे बघूनच 'व्हय' म्हटलं. आईनं तेल सोडलं त्याच्या आधीच त्याचं नाक वाजत होतं. दोन दिवस त्याला मी पाजत होते, मांडीवर उताणं घेऊन, आईला हात लावू न देता.

ते पिल्लू मी मारलं होतं.